मोकळा खण

अप्पांचा फोन वाजला तेव्हा समोरच्या भिंतीवर ठिपके मरत होते. मरत होते म्हणजे नाहीसे होत होते, पण आमच्या कामात त्याला मरणंच म्हणतात. हिरवा ठिपका म्हणजे गावाच्या कामाला हात लावणारा, तांबडा म्हणजे हात न लावता वाटा घेणारा. संगणक दर खेपेला डोळे मिटून एक ठिपका उचलून काढतो, त्याच्या भोवतालचे शेजारी त्या जागेसाठी चढाओढ करतात, आणि ज्याचं बरं चाललं आहे त्याला ती मिळण्याची शक्यता जास्त असते. ज्याला मिळते त्याच्यासारखाच नवा ठिपका तिथं उगवतो. हे अगणित वेळा करायचं आणि शेवटी भिंत हिरवी उरते की तांबडी ते पाहायचं. उत्क्रांतीची गेम थिअरी म्हणतात याला, आणि माझी नोकरी हीच आहे. त्या दिवशी बेंगळुरूच्या आमच्या संस्थेत सरकारी खात्याची माणसं येऊन बसली होती. डोंगराळ तालुक्यांत गावकरी दर वर्षी ओढ्यांवर दगडमातीचे जे कच्चे बांध घालतात ते पुढं टिकतील, की त्यांच्या जागी सिमेंटचे बांध आणि दंड करणाऱ्या सोसायट्या आणाव्यात, याचं उत्तर त्यांना हवं होतं, आणि ते माझ्या ठिपक्यांनी द्यायचं होतं. फोन माझ्या पर्समध्ये होता. तो मी रोज चार्ज करते. का, असं कुणी विचारलेलं नाही, त्यामुळं सांगावंही लागलेलं नाही. अप्पा, माझे वडील, श्रावणात गेले. तेव्हापासून त्या फोनवर येतात त्या कन्नड जाहिराती, आणि त्यांचा आवाज मी बंद करून ठेवला आहे. हा आवाज माणसाच्या निरोपाचा होता. खात्याच्या साहेबांनी पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टेबलाखाली फोन धरला.

फोटो होता. आमच्या वाडीच्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, यंदाचा बांध. ओली माती, ताजा पाला, एका काठापासून जवळजवळ दुसऱ्या काठापर्यंत. पलीकडच्या काठाला, अगदी शेवटी, बांधाचा एक खण उघडा होता आणि तिथून पाणी पांढरं होऊन खाली पडत होतं. फोटोखाली एक अक्षर नव्हतं. पाठवणारा परशू, लाडूकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. खण अप्पांचा होता.

मी वर पाहिलं तेव्हा भिंतीवर एक ठिपका गेला आणि त्याच क्षणी भरून आला. शिवानंद, माझा सहकारी, संगणकापाशी होता. मी त्याला म्हटलं, जरा थांबव. त्यानं थांबवलं. मी म्हटलं, तसं नाही, एक गेल्यावर आणि दुसरा यायच्या आधी थांबव. तो हसला. तिथं थांबता येत नाही म्हणाला, मरण आणि भरण ही एकच पायरी आहे, आपणच तशी लिहिली आहे. मग मी विचारलं की जागा काही काळ रिकामी ठेवता येईल का. त्याला वाटलं मी पाहुण्यांसमोर काही चमकदार मुद्दा मांडते आहे, म्हणून त्यानं मोठ्यानं, मजेनं उत्तर दिलं: "रिकाम्या जागेला रंग कोणता द्यायचा, मॅडम? ती खेळात नाहीच." सगळे हसले. मीही हसले असेन. तोंडात पितळेची चव आली होती, लहानपणी तांब्याच्या काठाला दात लागला की यायची तशी. उरलेलं भाषण मी नीट केलं. फायद्याला खर्चानं भागून येणारं उत्तर शेजाऱ्यांच्या संख्येहून मोठं असेल तरच हिरवा तगतो, म्हणजे शेजारी थोडे असतील तर सहकार्य टिकण्याची आशा जास्त, हे मी नेहमीच्या आवाजात समजावून सांगितलं. अप्पांचा खण काठाचा. त्याला शेजारी एकच, लाडूकाका.

जोयडा तालुक्यात, गुंदच्या पुढं, गाडीरस्ता संपतो तिथून खाली उतरलं की आमची वाडी. पाऊस ओसरून भात कापून झालं की तिथं व्हाळ अडवतात, म्हणजे उन्हाळी, वायंगणी भाताला पाटानं पाणी मिळतं. बांध सगळ्यांचा, पण तो घराघरांच्या खणांनी बनतो. खण म्हणजे दोन खुंटांमधली जागा, माणसानं हात पसरले तर भरेल एवढी. प्रत्येक घराचा एक खण आणि त्या खणाचा एक धोंडा. पावसाआधी बांध मोडतात तेव्हा धोंडे काढून काठावर ओळीनं मांडतात, आणि पुढच्या वर्षी तोच धोंडा त्याच घराच्या हातानं त्याच खणात बसतो. मग वर पाला, वर माती. बसवण्याआधी वाडीतला मोठा माणूस पाण्यात उभा राहून विचारतो, ह्यो खण कुणाचा? सगळ्यांना ठाऊक असतं, तरी विचारतात, आणि नाव आल्याशिवाय धोंडा कुणी हलवत नाही. अप्पा म्हणायचे, "गुणाच्या घरचा." स्वतःचंच नाव, पण दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं, जरा मान वळवून. ज्या घरचं माणूस येत नाही त्याचा खण मोकळा राहतो. शेजारी तो बुजवत नाही, कारण बुजवणं म्हणजे ते घर संपलं असं म्हणणं. पाणी वाहून जातं, सगळ्यांचंच जातं, आणि न आलेला माणूस बहुधा संध्याकाळपर्यंत खाली मान घालून येतो. घर खरोखरच संपलं असेल तर मार्गशीर्षातल्या पुनवेपर्यंत वाट पाहतात. पुनवेच्या सकाळी तीनदा विचारतात. उत्तर नाही आलं तर शेजारचा आपला खण वाढवून ती जागा घेतो, पाण्याच्या पाळीसकट, आणि संपलेल्या घराचा धोंडा काठावरच्या करंजाच्या बुंध्याशी नेऊन ठेवतात. शाळेतून येताना त्या धोंड्यांवर बसून आम्ही आवळे खायचो. ते कुणाकुणाचे, हे विचारायचं सुचलं नाही कधी. एकदा मात्र, ठिपक्यांच्या कामासाठीच, मी फोनवरून अप्पांना विचारलं होतं की न येणाऱ्याला दंड काय करता. ते म्हणाले, त्याचा खण मोकळा ऱ्हातो. मी म्हटलं, ते कळलं, पण दंड? पलीकडून जरा वेळ खोकला ऐकू आला, मग ते म्हणाले, "त्योच की."

पुनव परवाची होती. गोव्याच्या बसमधून मी पहाटे रामनगरला उतरले. हमरस्त्यावर ट्रक एकामागे एक उभे होते, त्यांच्या इंजिनांची ऊब पायांना लागत होती, आणि हॉटेलवाल्यानं मला पाहून आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत चहा विचारला. जोयडाची गाडी यायला वेळ होता. मी बाकड्यावर बसून फोटो पुन्हा पाहिला. रात्रभर मी तेच करत आले होते. एक शब्दही न लिहिता पाठवलेला फोटो म्हणजे काय? ही धमकी असू शकते: पुनवेआधी ये, नाहीतर घेतो. ही परवानगीची विनंती असू शकते: घेऊ का? तक्रार असू शकते: तुमच्यामुळं सगळ्यांचं पाणी जातंय. आणि माझ्या नंबरवर न पाठवता अप्पांच्या नंबरवर पाठवण्यात काय डाव आहे? त्याला बघायचं आहे की तो फोन चालू आहे का, कुणी जपून ठेवला आहे का, म्हणजे घराला अजून कुणी आहे का? असा विचार करायची मला सवय आहे. समोरचा काय करील हे धरून आपण काय करायचं, आणि आपण काय धरलं हे त्यानं धरलं असेल तर पुन्हा काय. या विचाराला तळ नसतो. चहा निवला. माझ्या शेजारी एक म्हातारी टोपलीत कोनं, आमच्याकडचे कंद, घेऊन बसली होती, मातीनं माखलेली, माणसाच्या पोटरीएवढी. तिनं विचारलं, कुनाची गं तू? मी सांगितलं, गुंदकडची, गुणाची. ती "हां हां" म्हणाली. तिला अप्पा माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण कुणाची असं विचारल्यावर तोंडातून ते नाव निघालं आणि ते जिवंत माणसाचं असल्यासारखं निघालं, याचा मला धक्का बसला. लग्न झालं, मोडलं, बेंगळुरूत माझ्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. तरी विचारल्यावर मी अजून गुणाची.

श्रावणात मी आले होते तेव्हा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. अप्पांना बेळगावच्या इस्पितळातून परत आणलं होतं ते शेवटचं. मी पोचले तेव्हा ते बोलत नव्हते. त्यांनी उलटा हात माझ्या कपाळाला लावला. ताप पाहताना ते नेहमी उलटाच हात लावायचे, पाणी पाहतानाही. तळवा कुदळीनं मेलेला असतो, त्याला काही कळत नाही, म्हणायचे. त्या दिवशी ताप मला नव्हता, त्यांना होता. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. दिवसकार्य झालं, पुन्हा दरड कोसळायच्या आत मी निघाले, आणि बेंगळुरूत पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. मला ते धीरासारखं वाटत नव्हतं. काहीतरी अर्धवट राहिलं आहे आणि ते पूर्ण होईपर्यंत पुढची पायरी घडणार नाही, असं वाटत होतं.

वाडीत कुणी मला काही म्हटलं नाही. हेच अवघड होतं. काकी पाणी घेऊन आली, गूळ दिला, किती वाळलीस म्हणाली. लाडूकाका ओसरीवर बसायचा लाकडी पाट घासत होते. ते अप्पांहून धाकटे, पण आता वाडीत तेच सगळ्यांत मोठे. बांधावर आधी अप्पा विचारायचे, त्यांचे पाय थकल्यापासून हे विचारतात. म्हणजे प्रश्नही त्यांचा आणि उत्तर न आलं तर जागाही त्यांची, हे माझ्या मनात आलंच. ते म्हणाले, "आलीस व्हय. बरं केलंस. बघून ये, मग बोलू." काय बघून ये, ते म्हणाले नाहीत. मी व्हाळाकडे गेले. वाटेत बाया पाट साफ करत होत्या. पाटात पाणी नव्हतं, तळाला नुसती ओल होती, आणि त्या ओलीवर त्या खोरं चालवत होत्या, जणू पाणी आता येईलच. माझ्याकडे पाहून हसल्या, बाजूला सरून वाट दिली. एकीनं विचारलं बेंगळुरात थंडी हाय का. वाफ्यात रोपाची पाती टोकाला पिवळी पडली होती. मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं आणि पुन्हा खोरं उचललं. एवढी माणसं इतका वेळ आपलं पाणी वाहून जाऊ देत होती आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती. सगळ्यांनी मिळून एका माणसासाठी तोटा सोसायचा, तोही न सांगता. असा खेळ मी कधी लिहिला नव्हता. त्यात दया होती की जबरदस्ती, हे मला ठरवता येईना. मी पावलं उचलली. बांधावर गेले तर मोकळ्या खणातून पाणी तसंच पांढरं पडत होतं, फोटोत आवाज नव्हता एवढाच फरक. अप्पांचा धोंडा काठावर होता, चपटा, मध्ये पांढरी शीर गेलेला. बाकीचे धोंडे उचलून नेल्यावर त्यांच्या जागी गवत दबून पांढरं पडलं होतं. त्या ओळीत तो एकटा.

जेवताना काकांनी विषय काढला, आणि इतक्या साधेपणानं काढला की मी मनात जुळवलेली सगळी उत्तरं वाया गेली. ते म्हणाले, तुला यायला जमायचं नाही, ते कुणी धरत नाही. खण आमच्यात मिळवतो, शेतही आम्हीच करू, म्हणजे घरचं घरात राहील. तुझा तांदूळ तुला पोचेल. नसेल तसं करायचं, तर तुझ्या नावानं खण ठेव, तुमचं शेत करणारी फुला धोंडा लावील तुझ्या नावानं, दादा, म्हणजे तुझा अप्पा, आजारी होता तेव्हा लावत होतीच. "तू नुसतं नाव सांग. वर्सातनं एकदा फोनवर सांगितलंस तरी चालंल. आता काय, फोन हाय." परशू म्हणाला, व्हिडिओ कॉल लावू अक्काला, व्हाळात रेंज आली तर. काकी त्याला म्हणाली, रेंज यायला तू झाडावर चढ. सगळे हसले. मला ते दुसरं फार आवडलं. मनातून मी लगेच हो म्हणून टाकलं होतं. गुणाच्या घरचा खण, माझ्या नावानं. मरण आणि भरण यांच्या मध्ये थांबता येईल अशी जागा शेवटी सापडली होती.

फुला आमच्या घराच्या खालच्या अंगाला राहते. बाजारकुणंगहून लग्न होऊन आली, नवरा गोव्याला गेला तो तिकडंच राहिला, आणि आई गेल्यापासून आमचं शेत तीच करते, अर्ध्या वाट्यानं. तिला जमीन नाही, म्हणून खण नाही, म्हणून धोंडा नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती चुलीतून भाजलेलं कोन काढत होती. माझ्याच वयाची, पण मला लहानपणीसारखं बाय म्हणते. तिनं ते फोडून मीठ-मिरची लावून पानावर ठेवलं, स्वतः चुलीशी बसली. अप्पांबद्दल बोलली. शेवटची काही वर्षं त्यांना चालवत नव्हतं, तरी बांधाच्या दिवशी ती त्यांना पाठुंगळी घेऊन काठापर्यंत जायची, मग ते बसून सांगायचे, गुणाच्या घरचा, आणि धोंडा ती लावायची. "माजी पाठ, त्येंचं नाव," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली की एकदा धोंडा लावून झाल्यावर त्यांनी तिला काठावर बोलावलं, उलटा हात तिच्या खांद्याला लावून बघितला, दुखतंय का म्हणून. मी हातातला कोनाचा तुकडा पानावर ठेवला. तो उलटा हात फक्त माझ्यासाठीच असतो, असं मी समजत आले होते.

मी विचारलं, काकांनी खण घेतला तर तू काय करशील. ती म्हणाली, करायचं काय, परशू आणि त्याची बायको शेत करतील, त्यांना माझी गरज नाही. रामनगरला हायवेवर एका हॉटेलात भांडी घासायला बाई पाहिजे म्हणतात, राहायला जागा देतात मागं. "ट्रकवाले म्हन्तात, जेवान बरं असतंय. बघू की. हितं तरी कोन माजं?" हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी घाईनं म्हटलं, तसं होणार नाही, मी माझं नाव सांगणार आहे, तू धोंडा लाव. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. राख खाली सारली. मग म्हणाली, "लावते की. तू हाईस तवर." आणि जरा थांबून, अगदी सहज, जसं कुणी बस कधी आहे विचारावं: "तुज्या मागं कोन हाय गं बाय?"

माझ्यामागं कुणी नाही. हे मला माहीत होतं, वाडीलाही माहीत होतं, पण त्या चुलीशी ते पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. मी अंगणात आले तेव्हा चंद्र वर आला होता, भरायला एक कोर कमी. खाली व्हाळात मोकळ्या खणाचा आवाज येत होता. मला तांबडा ठिपका आठवला. हात न लावता वाटा घेणारा. आजवर मी त्याला नुसत्या आकड्यांनी ओळखत होते, तो कसा दिसत असेल असा विचार केला नव्हता. तो बहुधा शिकलेला असेल, दुःखात असेल, त्याला आपल्या वडिलांचं नाव एका जागी राहावं असं वाटत असेल. त्याची पाठ दुखत नसेल. अप्पांना निदान काठापर्यंत नेलं जायचं, ते पाण्यासमोर बसून नाव सांगायचे. मी दूरवरच्या एका खोलीतून सांगणार होते, रेंज आली तर. आणि तरीही मला ते हवं होतं. खण सोडला तर अप्पांचा धोंडा करंजाखाली जाणार, आणि पुढं कुणाचीतरी पोरं त्यावर बसून आवळे खाणार, कुणाचा ते न विचारता. मी स्वतःला समजावत होते की माझ्या नावानं फुलाचंही भलंच होतंय. ते खरंही होतं, मी असेपर्यंत. झोपताना मी ठरवून टाकलं: उद्या विचारतील तेव्हा गुणाच्या घरचा म्हणायचं, जसं ते म्हणायचे तसंच. ओठांनी दोनदा म्हणूनही पाहिलं.

सकाळी धुकं होतं. सगळी वाडी काठावर आली होती, बायकापोरांसकट. परशू माझ्याजवळ उभा होता, लुंगी वर खोचून. मी त्याला शेवटी विचारलंच, अप्पांच्या फोनवर फोटो का पाठवलास. तो गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर इतका संकोच आला की मला माझ्या प्रश्नाचा पश्चात्ताप झाला. तो म्हणाला, "मोठ्या अप्पांना दर वर्साला धाडायचो गं. त्येंला चालाय येत न्हवतं, नाव सांगून ते घरला जायचे, मग बांध पुरा झाला की मी फोटो काढून धाडायचो. हात सवयीनं गेला. धाडल्यावर ध्यानात आलं." जरा वेळानं तो पुटपुटला, "निळी खूण आली तवा लई भ्यालो." म्हणजे मी फोटो उघडला तेव्हा इकडे त्याला तो मेलेल्या माणसानं पाहिल्याची खूण आली होती. बसमध्ये रात्रभर मी ज्याचा डाव उलगडत होते तो मुलगा इथं फोन हातात धरून घाबरून बसला होता. त्यात डाव नव्हता. बांध पुरा झाला नव्हता तरी त्याच्या हातानं अप्पांना कळवलं होतं.

काका पाण्यात उतरले. मीही उतरले. कुणी सांगितलं नव्हतं. साडी गुडघ्यापर्यंत धरून मी मोकळ्या खणात जाऊन उभी राहिले, दोन खुंटांच्या मध्ये. पाणी थंड होतं आणि पाठीमागून पोटऱ्यांना रेटत होतं, कुणी दोन्ही हातांनी ढकलावं तसं. पायाखालची वाळू सरकत होती, पाय आत जात होते. मी उलटा हात पाण्याला लावला. पाणी मऊ होतं, तळव्याला लागलं असतं त्याहून किती तरी जवळ. मी तिथं उभी राहिल्यानं पाणी जरा अडलं असावं, कारण डाव्या हाताला, पाटाच्या तोंडाशी, एक बारीक जीभ पाटात शिरली. एका बाईनं श्वास घेतल्याचा आवाज मला ऐकू आला. मी हलले की ती जीभ मागं जायची. मी सरळ उभी राहिले की पुन्हा पुढं यायची. बाजूला काठावर फुला उभी होती, हात कमरेला न लावता, नुसते सोडून. तिच्याजवळ अप्पांचा धोंडा. ती धोंड्याकडे पाहत नव्हती, पाटात शिरणाऱ्या त्या जिभेकडे पाहत होती, आणि तिचे ओठ किंचित हलत होते, जनावराला पाणी पाजताना हलतात तसे.

काकांनी विचारलं, "ह्यो खण कुणाचा?"

माझं तोंड उघडं होतं. गुणाच्या, हा शब्द तयार होता, जिभेला लागलेला. मला अप्पांची वळवलेली मान दिसली. ते असं मान वळवून कुणाकडे बघत नाव सांगायचे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता त्याच जागेवरून मी मान वळवली तर समोर धोंडा लावणारं माणूस होतं.

"फुलाचा," मी म्हटलं.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या कानांवर विश्वास नसलेल्या माणसाची सावधगिरी तेवढी होती. बांधावर बाईचं नाव कधी आलं नव्हतं, माझंही गुणाच्या घरचं म्हणूनच येणार होतं, आणि जमीन नसलेल्याचं तर नाहीच. जागा गेली तर शेजाऱ्याची, म्हणजे त्यांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नियम बोलायला ते मोकळे होते. ते बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, पहिल्यापेक्षा सावकाश, शब्द मागं घ्यायला वेळ देत. मी तेच म्हटलं. मागं कुणीतरी "अगं" म्हणालं आणि थांबलं. फुलाचा हात तोंडाशी गेला होता. तिसऱ्या वेळी काकांनी मला नाही, तिला विचारलं. तिच्याकडे बघून विचारलं, ह्यो खण कुणाचा, आणि तिनं इतक्या हळू उत्तर दिलं की पाण्याच्या आवाजात मला नुसते ओठ दिसले. काकांना ऐकू आलं असावं. त्यांनी मान हलवली, मग परशूकडे बघून दादांचा धोंडा करंजाकडे घ्यायला सांगितलं. परशू आणि दुसरा एक जण वाकले. पांढरी शीर माझ्यासमोरून गेली. धोंडा होता तिथं गवत दबून ओलसर पिवळं झालं होतं, आणि त्यात एक गांडूळ उजेडाला बिचकून आत शिरत होतं.

फुला पाण्यात उतरली. तिला धोंडा नव्हता, म्हणून ती वरच्या अंगाला वाकून हातांनी तळ चाचपू लागली. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला, छातीशी धरला. काळा, ओबडधोबड, अजून कुणाचाच नसलेला. ती माझ्यासमोर येऊन थांबली, पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं. तिला धोंडा टाकता येत नव्हता, कारण मी अजून खणात उभी होते. पाय घोट्यापर्यंत वाळूत गेले होते. मला ते काढायचे आहेत हे कळत होतं, आणि ते निघत नव्हते. पाटातली ती बारीक जीभ तेवढी माझ्यामुळं होती. मी निघाले की क्षणभर सगळं वाहून जाणार, आणि मग धोंडा बसणार. मध्ये तेवढी रिकामी जागा. फुला वजन पेलत उभी होती, तिच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. वाडीतली सगळी माणसं माझ्या पायांकडे पाहत होती. तेव्हा घशातून असा एक आवाज आला जो मी श्रावणात करायला हवा होता. काकांनी तो संपू दिला. मग त्यांनी जवळ येऊन माझा दंड धरला, हलकेच, खालच्या आवाजात म्हणाले, "पाय काढ, बाय. तिला जड झालंय."

मी पाय काढला.